सिग्नलला बंद पडणारी गाडी आणि न बदललेला पंप

तेरा वर्षं जुनी पेट्रोल गाडी, एरवी कसली कुरकुर नाही. मार्चमध्ये नळ स्टॉपच्या सिग्नलला ब्रेक मारला, क्लच दाबला आणि गाडी गपकन बंद. चावी फिरवली की लगेच चालू. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी दांडेकर पुलाच्या चौकात पुन्हा तेच, मागे पीएमपीची बस. (इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेक दोन-तीनदा दाबला की पेडल दगडासारखं. चौकात वळताना हे कळणं फार वाईट.)

घराजवळच्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, स्क्रीन स्वतःकडेच धरून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, पंप गेलाय." म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा. ७,८०० रुपये. आठवडाभर गाडी बरी चालली, मग पुन्हा बंद. "आता ईसीएम असणार. मुंबईला पाठवून रिपेअर करून आणतो." ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. आणखी ९,५००. जुना पंप मागितला तर म्हणे भंगारवाला कालच घेऊन गेला. बिलावर ना पार्ट नंबर, ना स्कॅनरचा कोड. मी भिडेखातर गप्प बसलो.

एवढं करूनही बंद पडायचं थांबेना, तेव्हा मेहुण्याने वारज्यातल्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेलं. साठीचे गृहस्थ. पहिला प्रश्न, "कात्रजचा घाट चढताना दमते का?" नाही म्हटलं. "मग पंप कसा? पेट्रोल कमी पडलं तर चढावर आधी कळतं. तुमची पाय काढल्यावर मरतेय."

अ‍ॅक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलची झडप मिटते. इंजिन तेवत ठेवायला लागणारी थोडीशी हवा बाजूच्या बारीक वाटेने आयडल व्हॉल्व्ह सोडतो. तिथे कार्बन साचला की तो कधी अडकतो, कधी नाही, म्हणून रोज एकसारखं होत नाही. एसी लावला की जास्त. आयडलिंगला ८०० च्या आसपास हवा असलेला आरपीएमचा काटा ५०० च्या खाली जाऊन थरथरत होता. त्यांनी हवेचा पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि मला दाखवलं. काजळाच्या डबीत बुडवल्यासारखं. स्प्रे मारून साफसफाई आणि नवं गॅस्केट, ९०० रुपये.

"तो नवा पंप तरी बघू," म्हणाले. आमच्या गाडीत तो मागच्या सीटखाली असतो. सीट उचलली. झाकणावर धुळीचा जाड थर, स्क्रूच्या खाचाही धुळीने बुजलेल्या. कडेला राजगिऱ्याच्या वडीचा कागद चिकटलेला. त्या वड्या मुलगी बालवाडीत असताना खायची. आता ती दहावीला आहे.

मग आठवडाभर फरक कसा पडला? त्यांच्या मते बॅटरीची वायर काढून लावली असणार. त्याने ईसीएमने शिकलेली आयडलची सेटिंग पुसली जाते आणि काही दिवस गाडी सुधारल्यासारखी वाटू शकते. तेव्हा मला आठवलं, गाडी ताब्यात घेतली तेव्हा डॅशबोर्डवरचं घड्याळ चुकलं होतं. मीच ते नीट लावलं होतं, कौतुकाने.

झाकणाचा व्हिडिओ घेऊन पहिल्या गॅरेजात गेलो. त्याने दोनदा पाहिला, फोन परत दिला.

"पुण्यात धूळ फार आहे, साहेब."