सुपरवायझरांचं लीडरशिप ट्रेनिंग: घ्या, पण तुमच्या साहेबांनाही सोबत न्या

चाकणच्या एका कंपनीत वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे वायरांचे जुडगे बांधण्याच्या, लाईनवर मी सुपरवायझर आहे. हाताखाली बहुतेक मुलीच, परभणी-हिंगोलीच्या जशा आहेत तशा बिहारच्याही. कंपनीने आम्हा सुपरवायझरांना चिंचवडला दोन दिवसांच्या लीडरशिप ट्रेनिंगला पाठवलं. माणशी सहा हजार फी, चहा-जेवण त्यातच. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी जी तक्रार आहे ती एकट्या त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. शिकवणारे सर प्रेस शॉपमध्ये वर्षानुवर्षं काम करून निवृत्त झालेले. शिफ्ट म्हणजे काय, रात्री दोन वाजता टेस्टिंग बोर्ड बंद पडला की सुपरवायझरचा जीव कसा वरखाली होतो, हे त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं की तुमचा स्वभाव कसा आहे यात मी पडणार नाही, तुम्ही वागता कसे तेवढंच आपण बघायचं. वागणं दिसतं, मोजता येतं आणि बदलताही येतं. आमच्या बॅचमधल्या अर्ध्या लोकांना आजवर कुणीतरी ‘तुझा स्वभावच नाही साहेब होण्याचा’ असं ऐकवलेलं होतं. त्यांना हे एक वाक्य फार आधार देऊन गेलं.

मग खोकी बनवायचा खेळ झाला. तीन गट, प्रत्येकाला पुठ्ठा, कात्र्या आणि डिंक. एका गटाचा प्रमुख नुसता हुकूम सोडणारा, दुसऱ्याचा सगळ्यांना विचारून ठरवणारा, तिसऱ्याचा ‘करा तुम्हाला हवं तसं’ म्हणून खुर्चीत बसणारा. काही वेळाने सरांनी तिन्ही प्रमुखांना फोनच्या निमित्ताने बाहेर बोलावलं. मी हुकूमवाल्या गटात होते. दार लागल्याबरोबर शेजारच्या भाऊंनी कात्री खाली ठेवली आणि खिशातून मोबाईल काढला. अर्धवट चिकटवलेलं खोकं तसंच उघडं पडलं, कुणी हात लावला नाही. पलीकडच्या विचारून चालणाऱ्या गटात मात्र एक बाई पट्टीने कडा मोजत होती आणि बाकीचे ‘ताई, हे आधी वाळू दे’ असं म्हणत काम पुढे नेत होते.

यानंतर सरांनी मूळ प्रयोग सांगितला. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गटांवर तो केला, 1939 साली छापून आला. हुकमी पद्धतीत माल थोडा जास्त निघाला, पण प्रमुख खोलीबाहेर गेला की काम गळपटायचं. विचारून चालणाऱ्या गटात ते जवळपास तसंच चालू राहायचं. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटली ती वेगळीच: प्रमुख गटागटांत फिरवले होते, तोच माणूस दुसऱ्या गटात दुसऱ्या पद्धतीने वागायचा. म्हणजे माणूस बदलायला लागत नाही. आम्हाला हे आधी सांगितलं असतं तर नुसतं ऐकून सोडून दिलं असतं. आधी करून मग ऐकल्यामुळे पक्कं बसलं.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे बंद पाकीट. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासातून साहेबाच्या वागण्याची दोन मापं पुढे आली. एक, कामाची घडी बसवणं: कोण काय करणार, कधी, कसं. दुसरं, माणसाची कदर करणं: त्याचं ऐकणं, विश्वास ठेवणं, चारचौघांत अपमान न करणं. ही दोन्ही मापं एकमेकांच्या विरुद्ध नाहीत, एकाच माणसात दोन्ही भरपूर असू शकतात. त्यावर आधारलेला फॉर्म आम्ही स्वतः भरायचा नव्हता. आमच्या लाईनवरच्या पाच जणांकडून तो आधीच, नाव न घालता, भरून बंद पाकिटात घेतला होता. प्रश्नही बोलण्यातल्या मराठीत होते: ‘चूक झाली तर बाजूला घेऊन सांगतात की सगळ्यांसमोर?’ एकच उणीव, फॉर्म हिंदीत नव्हता. माझ्या बिहारच्या मुलींना शेजारणीला विचारून भरावा लागला, मग नाव न घालण्याला काय अर्थ राहिला? संस्थेने हे ताबडतोब सुधारावं.

ब्लेक आणि माउटनचा 1964चा तक्ता मात्र उरकून टाकला. नऊ बाय नऊच्या चौकटी, एका बाजूला कामाची काळजी, दुसऱ्या बाजूला माणसांची, आणि नऊ-नऊ सर्वांत उत्तम. स्वतःची खूण करायला सांगितल्यावर सगळ्यांनी ती उजव्या कोपऱ्यात वरच केली. त्यातून कुणाला काय मिळालं, माहीत नाही. त्यापेक्षा हर्सी आणि ब्लँचर्ड यांच्या सिद्धांताचा भाग कामाचा, की नवशिक्याला नीट सांगावं लागतं आणि जुन्या हाताला मोकळं सोडावं लागतं. क्रिम्पिंगला, म्हणजे वायरच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवायच्या कामाला, काल आलेल्या मुलीला ‘तुझं तू ठरव’ म्हटलं तर ती रडकुंडीला येईल.

आणि पाटण्याचे जय बी. पी. सिन्हा! आपल्याकडच्या माणसांवर आपल्याकडच्याच मानसशास्त्रज्ञाने केलेला हा विचार इतका कमी का शिकवला जातो, कळत नाही. त्यांचं म्हणणं असं की इथली माणसं साहेबाकडून आपुलकीची अपेक्षा ठेवतात, पण ती आपुलकी कामाशी जोडलेली असली पाहिजे. सुरुवातीला स्पष्ट सूचना, पाठीशी उभं राहणं, आणि माणूस तयार होत गेला की निर्णय त्याच्या हातात देत जाणं. लाईनवरच्या मुली मला ‘मॅडम’ कमी आणि ‘ताई’ जास्त म्हणतात. ताईकडून त्यांना काय हवं असतं, ते या माणसाने नेमकं ओळखलंय.

आता तक्रार. मिळालेल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत एडविन फ्लाइशमन यांचा 1953चा अभ्यास आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या फोरमन लोकांना असंच ट्रेनिंग दिलं होतं. वर्ग संपताना त्यांच्या विचारांत फरक दिसला, पण कारखान्यात परतल्यावर ते कसे वागतात हे त्यांच्या वरचा साहेब कसा वागतो यावर जास्त अवलंबून राहिलं. अख्ख्या ट्रेनिंगमधली ही सर्वांत मोलाची गोष्ट, आणि वर्गात तिच्यावर दहा मिनिटंही बोलणं झालं नाही.

मला याची प्रचिती लगेच आली. परत आल्यावर मी शिफ्टच्या सुरुवातीला मुलींनाच ठरवायला सांगू लागले, वायर लावायला कोण, टेपिंगला कोण, क्लिपला कोण. छान बसलं होतं. जिचा खांदा दुखायचा तिला मुलींनीच खालच्या बाजूचं काम दिलं, मला बोलावंसुद्धा लागलं नाही. मग एक दिवस वरचे साहेब चालू शिफ्टमध्ये आले आणि टेपिंगच्या दोघींना उचलून दुसऱ्या लाईनला घेऊन गेले. मलाही विचारलं नाही, मुलींनाही नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, आज कोण कुठे, तर सगळ्या गप्प. ‘ताई, तुम्हीच सांगा ना,’ म्हणाल्या.

तीन महिन्यांनी सर लाईनवर येऊन बघतील असं कबूल केलं होतं. प्रत्यक्षात व्हॉट्सअॅपवर अभिप्रायाची लिंक आली. मी त्यात लिहिलं की फक्त सुपरवायझरांची बॅच घेऊच नका, त्यांच्या वरच्या साहेबाला निदान अर्धा दिवस बसवायची अट घाला. कंपन्या साहेबांना सोडत नाहीत, असं उत्तर आलं. मला ते पटत नाही. फी घेताना अट घालता येते.

एचआरमधल्या कुणी हे वाचत असेल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: पाकिटातला फॉर्म हिंदीतही हवा, सर लाईनवर येण्याची तारीख हवी, आणि डिपार्टमेंट हेडचं नाव त्याच बॅचच्या यादीत हवं. तिसरी गोष्ट जमत नसेल तर ते सहा हजार सध्या राखून ठेवा.