तळणीचं उरलेलं तेल: फोडणीला, पुन्हा तळायला की केरात?

चकल्या संपल्या, गॅस बंद झाला आणि कढईत अर्धा लिटरभर तेल उरलंय. आमच्या घरात या घडीला तीन मतं निघतात. आई म्हणते, गाळून ठेव, फोडणीला होईल. मुलगी म्हणते, ओतून टाक, हे पुन्हा पोटात नको. नवऱ्याचं म्हणणं, आहे तसं झाकून ठेव, परवा भजी करू. गंमत अशी की कधी ना कधी तिघंही बरोबर असतात. कुणाचं कधी ऐकायचं हे मी कढईत आधी काय तळलं त्यावरून ठरवते. तेल कुठल्या जातीचं आणि बरणी कसली हे त्यानंतरचे प्रश्न, पण वाद मात्र त्यांवरच होतात.

पुरीचं तेल आणि माशांचं तेल

पापड, कुरडया, पोह्याचे पापड यांच्यात पाणी जवळजवळ नसतं आणि तळायला काही मिनिटं पुरतात. ते तेल जवळपास नव्यासारखंच असतं. पुरीचंही तसंच, फक्त पोळपाटावर कोरडं पीठ लावून लाटलं असेल तर ते सगळं तळाला जाऊन करपतं. तेलाचा हात लावून लाटलेल्या पुऱ्यांनी तेल स्वच्छ राहतं.

भजी आणि बटाटेवड्यांचं गणित वेगळं. कांद्याला पाणी सुटतं, बेसनाचे थेंब कढईत पडून राहतात. तापलेल्या तेलात पाणी गेलं की तेलातला स्निग्धांश फुटून सुटी आम्लं तयार होतात आणि पुढच्या खेपेला तेल लवकर धुरायला लागतं. करपलेला चुरा राहिला तर तो दर वेळी आणखी करपतो आणि तेल कडवट होतं.

चकली फसवी आहे. हळद-तिखटामुळे तेल लालसर होतं म्हणून ते बिघडलं असं वाटतं, पण रंग हा मसाल्याचा असतो. खरी काळजी वेळेची. किलोभर भाजणीच्या चकल्या करताना तेल दीड-दोन तास तापलेलं असतं, हवेशी सारखा संबंध येत असतो. ‘एकदाच तर वापरलंय’ हा हिशेब इथे चुकतो: दहा मिनिटांच्या पुऱ्या एकदाच आणि दोन तासांच्या चकल्याही एकदाच.

अनारशांचं तेल मी ठेवतच नाही. गूळ उतरतो, खसखस सुटून जळते, तेल तपकिरी होतं. एका दिवाळीत मी अनारसे आधी तळले आणि त्याच तेलात शंकरपाळी. गोड पदार्थ म्हणून चालेल असं वाटलं होतं. शंकरपाळ्यांना जळक्या गुळाचा वास आला आणि डबा मार्गशीर्षापर्यंत उरला. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: आधी चिवड्याचे पोहे, मग शंकरपाळी, करंज्या, त्यानंतर शेव, चकली, आणि अनारसे शेवटी, लहान कढईत, बेताच्या तेलात.

राहिले मासे. रवा लावलेली सुरमई किंवा बोंबील तळल्यावर तेल गाळलं तरी वास जात नाही. ठेवायचंच तर फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी माशांच्याच कालवणाला.

शेंगदाणा, सूर्यफूल आणि बाकीची मंडळी

पुन्हा तापवायचं म्हटलं की तेलाची जात थोडी महत्त्वाची ठरते. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात साठ टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक आम्ल असतं, करडईत त्याहून जास्त. सोयाबीनमध्ये ते निम्म्याच्या आसपास, शिवाय त्याहूनही नाजूक असं लिनोलेनिक. हे घटक ताज्या तेलात चांगले, पण उष्णतेत आणि हवेत लवकर मोडतात आणि त्यातून अल्डिहाइडसारखे नको ते पदार्थ तयार होतात. ‘हृदयाला हलकं’ म्हणून आणलेलं तेलच पुन्हापुन्हा तळायला सगळ्यांत कमकुवत, हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

शेंगदाण्यात ओलेइक आम्लाचं प्रमाण जास्त, आणि ते इतक्या सहज मोडत नाही, म्हणून ते तळणीत जास्त टिकतं. राइस ब्रान त्याच्याच जवळ जातं. पामतेल आणि खोबरेल तेल सगळ्यांत टिकाऊ, कारण त्यांत संपृक्त स्निग्धांश जास्त: खोबरेलमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास. फरसाणवाल्यांना पाम आवडतं ते स्वस्ताईसोबत याच कारणाने. टिकाऊ म्हणजे रोज खायला उत्तम असं मात्र नाही.

लाकडी घाण्याच्या तेलावर माझा जीव आहे, पण मोठ्या तळणीला मी ते घेत नाही. न शुद्ध केलेलं शेंगदाणा तेल रिफाइंडपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला धुरायला लागतं, आणि तळण 170 ते 180 अंशांवर चालतं. घाण्याचं तेल चटणीवर, भाकरीबरोबर, फोडणीत. तळणीला रिफाइंड शेंगदाणा.

कढई, स्टीलचं भांडं की काचेची बाटली

लोखंडी कढईत तेल तसंच झाकून ठेवणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. लोखंड आणि तांबं तेल खवट होण्याचा वेग वाढवतात, शिवाय कढईत पृष्ठभाग मोठा म्हणून हवा भरपूर लागते आणि तळाला चुरा असतोच. तेव्हा नवऱ्याचं मत इथे बाद.

जाळी बसवलेलं स्टीलचं तेलाचं भांडं बहुतेक घरांत असतं. स्टील तेलाला त्रास देत नाही, उजेड आत जात नाही, ही जमेची बाजू. अडचण जाळीची: तिची भोकं मोठी, बेसनाचा बारीक साका खाली उतरतोच. आणि ते भांडं ओट्यावर, गॅसच्या शेजारी असतं. दिवसातून तीनदा ऊब लागणारी जागा तेलासाठी चुकीची आहे. त्यात आणखी एक सवय: भांड्यात जुनं उरलेलं असतानाच वरून नवं गाळायचं. तळाचं तेल मग किती जुनं ते कुणालाच माहीत नसतं.

मी काचेची, रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली वापरते. तेल कोमट होऊ द्यायचं, तासभर साका बसू द्यायचा, मग वरचं तेल मलमलच्या दुहेरी फडक्यातून हळूच ओतायचं आणि तळाचं दोन चमचे सोडून द्यायचं. बाटली अगदी कोरडी हवी. काच पारदर्शक म्हणून ती अंधारात ठेवावी लागते, आणि त्यासाठी फ्रिज बरा पडतो. थंडीत शेंगदाणा तेल गढुळतं, खोबरेल तर गोठतंच. ते बिघडणं नव्हे, बाहेर काढलं की पूर्ववत होतं. तेल ज्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून आलं, तिच्यात गरम तेल परत ओतू नका. बाटली आक्रसते, आणि नव्या तेलाची म्हणून चुकून तीच हाती लागते.

बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख आणि ‘पुरी’ किंवा ‘वडे’ एवढं लिहिलं की पुढचा वाद टळतो.

फोडणी की दुसरं तळण

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचं म्हणणं सरळ आहे: तळलेलं तेल गाळून भाजी-आमटीला वापरा, पुन्हा तळायला नको, आणि तेही एक-दोन दिवसांत संपवा, कारण वापरलेलं तेल झपाट्याने उतरतं. म्हणजे आईचं बरोबर, पण तिच्या महिनाभराच्या बरणीचं नाही.

माझ्याकडून पापड-पुरीच्या तेलात दोन-तीन दिवसांत एखादं छोटं तळण होतं, हे कबूल करते. भजी-वड्यांचं तेल मात्र थालीपिठाला, पिठल्याला, वांग्याच्या रश्श्याला. लोणच्याच्या फोडणीला वापरलेलं तेल अजिबात नको. वर्षभर टिकवायच्या वस्तूत आधीच दमलेलं तेल घालण्यात अर्थ नाही. साबुदाणावड्यांनाही नाही, उपासाला ते चालणार नाही म्हणून.

व्यावसायिक स्वयंपाकघरांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआयने, 1 जुलै 2018 पासून मर्यादा घातली आहे: तेलातले एकूण ध्रुवीय घटक, म्हणजे तेल मोडून तयार होणारे पदार्थ, 25 टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं. आपल्याकडे नाक आणि डोळे आहेत. दोन थेंब तळहातावर चोळून वास घ्या: जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा तेलरंगाच्या डब्यासारखा आला तर विषय संपला. पदार्थ बाहेर काढल्यावरही फेस बसत नसेल, नेहमीच्या आचेवर धूर येत असेल, तेल पाकासारखं दाट पडत असेल, तरीही तेच. कढईच्या काठावर जो पिवळा चिकट थर घासून निघत नाही ना, तो असंच बिघडत गेलेलं तेल आहे. बटाट्याच्या चकत्या तळून तेल ‘शुद्ध’ करायची युक्ती सगळीकडे फिरते. वास थोडा कमी होतो, मोडलेलं तेल सांधलं जात नाही.

टाकायचं तर

मोरीत ओतू नका, नळीत थर बसतो. बिजागऱ्यांनाही लावू नका. मी लावलं होतं, चार महिन्यांत दार डिंक लावल्यासारखं अडकायला लागलं. वाटीभर तेल असेल तर जुन्या वर्तमानपत्रात नाहीतर लाकडाच्या भुशात जिरवून कचऱ्यात. डबेवाल्या काकू, पोळीभाजी केंद्रं, सोसायटीचा गणपती अशा ठिकाणी मात्र लिटरांनी उरतं. एफएसएसएआयने 2018 मध्येच वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची ‘रुको’ योजना सुरू केली आहे, आणि असं तेल घेणारे नोंदणीकृत संकलक आहेत. त्यांच्यासाठी एक डबा वेगळा ठेवायचा.

घरच्यापुरतं म्हणाल तर मी कढईच बदलली. पसरट कढईला तेल जास्त लागायचं, खोलगट लहान कढईत तीन वाट्यांत चौघांच्या पुऱ्या होतात. तळण संपतं तेव्हा जेमतेम दीड-दोन वाट्या उरतं, आणि ते बुधवारच्या वांग्यात जातं.