रबरी टोकाची एअर गन आणि छोटा रेग्युलेटर: आठ महिन्यांनंतर

पहिल्यांदाच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलला तेव्हा क्लचची सीलं तपासायला या दोन वस्तू घेतल्या. गन लागणारच होती, हवेचा दाब कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरवर मात्र उगाच पैसे घातले असं वाटत होतं. आता विचाराल तर गन कुठलीही चालेल, रेग्युलेटर सोडू नका.

झालं असं. ड्रममध्ये, म्हणजे क्लचच्या गोल भांड्यात, तेलाच्या दाबाने प्लेट्स आवळणारा पिस्टन बसवला, एटीएफमध्ये (गिअरबॉक्सच्या तेलात) भिजवलेल्या प्लेट्स भरल्या, त्या अडकवून ठेवणारी सर्क्लिप लावली आणि कॉम्प्रेसरची हवा थेट ९० पीएसआयने तेलाच्या भोकात सोडली. थप्प! पिस्टन उचलला, प्लेट्स आवळल्या, मी खूश. मग सहज म्हणून दाब ३० वर आणला, तर पिस्टन रेंगाळत वर आला आणि कान लावल्यावर बारीक सुरसुर ऐकू आली. ती थांबेचना. जास्त दाबाने सीलमधून निसटते त्याहून कितीतरी जास्त हवा आत शिरते, त्यामुळे फाटकं सीलही पास होतं. गाडीतल्या पंपाला ही उधळपट्टी परवडत नाही. तेल गळालं की क्लच घसरतो आणि फ्रिक्शन प्लेट्स जळतात.

खोलून पाहिलं. बाहेरच्या सीलचा ओठ नखाएवढ्या जागेत उलटा दुमडलेला, घडीवर चीर. नवं सील व्हॅसलीन चोपडून बसवलं आणि पिस्टन दाबताना पातळ फिलर गेजने (फट मोजायच्या पातीने) ओठ हळूहळू आत सारत पूर्ण फेरी मारली. पाती धारदार असेल तर तीच सील कापते, म्हणून कडा आधी घासून गोल केल्या होत्या. या वेळी ३० वरही थप्प आवाज आला आणि पिस्टन वर जाऊन तिथेच टिकला.

प्रत्येक फुस्स म्हणजे गळती नव्हे, हे मला उशिरा कळलं. हवा सोडताच क्षणभर आवाज येऊन बंद झाला तर चेक बॉल, म्हणजे भोक बंद करणारी छोटी गोळी, जागेवर बसला समजा. क्लच सुटल्यावर फिरत्या ड्रममध्ये अडकलेलं तेल बाहेर पडावं म्हणून तो ठेवलेला असतो. ड्रम पंपाच्या नळीवर चढवून तपासलं तर सीलिंग रिंगांमधूनही थोडी हवा जाते. त्या रिंगांवर मी एक अख्खी संध्याकाळ वाया घालवली. आणि एकदा तर चक्क वंगणाच्या, म्हणजे तेल मोकळं वाहायच्या, भोकात हवा मारून 'सगळंच गळतंय' म्हणून डोक्याला हात लावून बसलो होतो!

चष्मा घाला, दुसऱ्या भोकातून तेलाची पिचकारी थेट तोंडावर येते. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणीही आधी काढून टाका, फ्रिक्शनच्या अस्तराला ते सोसत नाही.

तक्रारी दोन. ड्रमच्या आतल्या गोलाव्यावर गनचं रबर नीट टेकत नाही, बोटाने दाबून धरावं लागतं, आणि टोक आतापर्यंत दोनदा बदललं. रेग्युलेटरच्या गेजचा काटाही आता शून्यावर येत नाही, ५ वर अडकतो. मी तेवढे वजा करून वाचतो.