वापरलेला झिऑन की नवा रायझन : ओसीआरच्या कामावर सहा महिने शेजारी शेजारी

आमच्या साताऱ्याच्या छोट्या कार्यालयात जुनी मराठी पुस्तके आणि नियतकालिकांचे बांधीव अंक स्कॅन करून त्यांचा शोधता येईल असा मजकूर तयार केला जातो. दिवसभरात साधारण दोन हजार पाने स्कॅन होतात, रात्री त्यांवर टेसरॅक्ट हे ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर तयार करणारे सॉफ्टवेअर चालते आणि दुसऱ्या दिवशी सहा जण मूळ पान आणि ओळखलेला मजकूर समोरासमोर ठेवून मुद्रिते तपासतात. या कामासाठी मुख्य यंत्र नव्याने घ्यायची वेळ आली, तेव्हा डेस्कटॉपचा प्रोसेसर घ्यावा की सर्व्हरचा, या प्रश्नावर आमच्यात बरीच चर्चा झाली. शेवटी दोन्ही यंत्रे उभी करून सहा महिने एकाच कामाला जुंपली. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

पहिले यंत्र इंटेलच्या झिऑन ई५-२६८० व्ही४ या प्रोसेसरवरचे. हा २०१६ सालचा सर्व्हरचा प्रोसेसर असून त्यात १४ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि २८ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत, मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ आणि कमाल वेग ३.३ गिगाहर्ट्झ आहे. बाजारात आला तेव्हा त्याची जाहीर किंमत १,७४५ डॉलर होती. आज तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्या किमतीच्या अगदी किरकोळ अंशात मिळतो, याचे कारण तो बिघडलेला असतो असे नव्हे. मोठी डेटा सेंटर काही वर्षांनी सर्व्हर बदलतात आणि त्यांतून निघालेले प्रोसेसर हजारोंच्या संख्येने बाजारात येतात. दुसरे यंत्र एएमडीच्या रायझन ९ ७९०० वरचे. हा २०२३ च्या जानेवारीत आलेला डेस्कटॉपचा प्रोसेसर आहे, त्यात १२ कोअर आणि २४ थ्रेड आहेत, वेग ३.७ पासून ५.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि उष्णतेची निर्धारित मर्यादा ६५ वॉट आहे, तर झिऑनची १२० वॉट.

कागदावर १४ विरुद्ध १२ हे आकडे पाहून आमच्यातल्या दोघांचे मत झिऑनच्या बाजूने झाले होते आणि ते स्वाभाविकही होते. मात्र सात वर्षांच्या अंतराने घडवलेले दोन कोअर एका मापाने मोजता येत नाहीत. आमच्या प्रक्रियेत एक पान सरळ करणे, त्यावरचे डाग काढणे आणि मराठी, संस्कृत, इंग्रजी अशा तीन भाषांत ते ओळखणे हे सगळे येते. एकच पान दिले तर झिऑनला सुमारे ३० सेकंद लागत आणि रायझनला सुमारे १३. सगळे कोअर कामाला लावून रात्रीची दोन हजार पाने दिली, तर झिऑन सव्वा तासाच्या आत मोकळा होई आणि रायझन ३५ ते ४० मिनिटांत.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण ती कळेपर्यंत आम्ही झिऑनला विनाकारण दोष देत होतो. टेसरॅक्टची प्रत्येक प्रत आपणहून चार थ्रेडपर्यंत वापरू पाहते. आम्ही २८ थ्रेड पाहून २८ प्रती एकाच वेळी सुरू केल्या, म्हणजे प्रत्यक्षात शंभरावर थ्रेड एकमेकांच्या पायात पाय घालू लागले आणि सव्वा तासाचे काम चार तासांहून अधिक चालले. ओएमपी थ्रेड लिमिट या नावाचे सेटिंग एकवर आणल्याबरोबर ते सुरळीत झाले. अनेक पानांचे काम असेल तर प्रत्येक पानाला एकच थ्रेड देणे आणि एकाच वेळी अधिक पाने चालवणे, हीच पद्धत दोन्ही यंत्रांवर सर्वांत फायद्याची ठरली. जितके कोअर अधिक, तितके हे सेटिंग विसरल्याचे नुकसान मोठे.

आता प्रश्न असा की रात्रीचा तो अर्ध्या तासाचा फरक आमच्या किती कामाचा? प्रामाणिकपणे सांगायचे तर फारसा नाही. काम रात्री दहाला संपले काय किंवा अकराला संपले काय, त्या वेळी यंत्रासमोर कोणी वाट पाहत बसलेले नसते. खरी वाट पाहिली जाते ती दिवसा. मुद्रिते तपासणाऱ्या ताईंना एखाद्या पानावरचे स्तंभ चुकलेले दिसतात, त्या चौकट नव्याने आखून ते एकच पान पुन्हा ओळखायला देतात आणि उत्तर येईपर्यंत हात बांधून बसतात. असे दिवसातून कितीतरी वेळा घडते. त्या एका पानाच्या कामात झिऑनचे बाकीचे तेरा कोअर काहीही मदत करू शकत नाहीत, तेथे एका कोअरचा वेगच उपयोगी पडतो. १३ सेकंदांत माणूस पानावरून नजर हलवत नाही, ३० सेकंदांत त्याचे लक्ष उडते, आणि हा फरक पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या ध्यानात आला. म्हणून प्रोसेसर निवडताना कोअर मोजण्याआधी आपल्या कामात माणूस नेमका कोणत्या टप्प्यावर थांबतो हे पाहावे, असे माझे मत झाले आहे. व्हिडिओचे रेंडरिंग, रात्रीचे हिशेब, संकेतस्थळाला येणाऱ्या शेकडो विनंत्या ही कामे वाटून घेता येतात आणि त्यांना अधिक कोअर लाभतात. एका फाईलवर एकट्याने काम करणाऱ्या माणसाला मात्र वेगवान कोअर हवा असतो.

वेगाच्या कसोटीवर सर्व्हरचा जुना प्रोसेसर हरला, तरी सर्व्हरच्या प्रोसेसरचे खरे मोल वेगात नसतेच. ते असते मेमरीच्या विश्वासार्हतेत, मेमरीच्या क्षमतेत आणि जोडता येणाऱ्या कार्डांच्या संख्येत. यांपैकी पहिली गोष्ट आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची होती.

ही विश्वासार्हता ईसीसी, म्हणजे आपली चूक आपणच दुरुस्त करणाऱ्या मेमरीतून येते. तिच्यात प्रत्येक ६४ बिटांमागे (बिट म्हणजे एक ० किंवा १) किमान ८ बिट जादा ठेवलेले असतात आणि त्यांच्या आधारे एक बिट चुकला तर तो तेथल्या तेथे दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान चूक झाल्याचे कळते. ही चैन वाटण्याचा संभव आहे, म्हणून आमच्याच कामातले उदाहरण देतो. युनिकोडमध्ये देवनागरी २ आणि ३ या अंकांच्या संकेतांत शेवटच्या एकाच बिटाचा फरक आहे. तो बिट मेमरीत उलटला, तर शके १८२२ चे शके १८२३ होते. त्याच रीतीने ‘क’चा शेवटचा बिट उलटला तर तेथे ‘औ’ येतो. ‘औ’ वाचताना खटकेल आणि कोणीतरी दुरुस्त करील, पण १८२३ हे साल कोणालाही खटकणार नाही. फाईल तशीच जतन होईल, तिच्या प्रती निघतील, आणि प्रत ताडून पाहण्यासाठी फाईलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, म्हणजे चेकसमही त्या चुकीच्या फाईलचाच असेल. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक मेमरी मॉड्यूलमध्ये चुका आढळल्या होत्या. म्हणजे ही भीती केवळ काल्पनिक नाही. ज्यांच्या कामात मजकूर आणि आकडे पन्नास वर्षे टिकावेत अशी अपेक्षा आहे, त्यांनी ईसीसीवर तडजोड करू नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

पूर्वी ईसीसी हवी म्हणजे सर्व्हरचाच प्रोसेसर हवा, असे समीकरण होते. आता ते तसे राहिलेले नाही. रायझन ९ ७९०० ईसीसी मेमरी चालवतो, मात्र मदरबोर्डनेही तिला साथ द्यावी लागते आणि बोर्ड घेण्यापूर्वी त्याच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले आहे का, ते पाहावे लागते. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनचे अनेक डेस्कटॉप प्रोसेसरही डब्ल्यू६८० चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य साहाय्यक चिपच्या) बोर्डावर ईसीसी चालवतात.

मेमरी विकत घेताना आमची एकदा फसगत झाली. रायझनला डीडीआर५ या नव्या पिढीची मेमरी लागते. एका विक्रेत्याने “डीडीआर५ म्हणजे ईसीसी असतेच” असे छातीठोकपणे सांगून साधी मेमरी दिली. डीडीआर५ च्या प्रत्येक चिपमध्ये अंतर्गत दुरुस्तीची सोय असते हे खरे, पण ती चिपच्या आतल्या आतच चालते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही आणि संगणकाला तिची वर्दीही मिळत नाही. लिनक्सवर डीएमआयडीकोड ही आज्ञा दिल्यावर एकूण रुंदी ६४ आणि विदेची (डेटाची) रुंदीही ६४ दिसली, तेव्हा उलगडा झाला. खऱ्या ईसीसी मेमरीत एकूण रुंदी ७२ किंवा ८० दिसते. बरेच दिवस पाठपुरावा केल्यावर ती मेमरी बदलून मिळाली. याशिवाय मेमरीच्या पट्ट्यांचे यूडीआयएमएम (डेस्कटॉपची साधी) आणि आरडीआयएमएम (संकेत सांभाळणारी जादा चिप असलेली, सर्व्हरची) हे दोन प्रकार वेगळे आहेत, हेही लक्षात ठेवावे. डेस्कटॉपच्या बोर्डाला ईसीसीची यूडीआयएमएम लागते, तर झिऑन ई५ सर्व्हरांतून निघालेली आरडीआयएमएम चालवतो. ती जुन्या बाजारात मुबलक मिळते.

मेमरीच्या क्षमतेच्या बाबतीत झिऑन निर्विवाद सरस आहे. त्याला मेमरीचे चार चॅनेल (प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातल्या वाटा) आहेत आणि आमच्या बोर्डावर आठ खाचा होत्या, त्यामुळे १२८ जीबी मेमरी सहज बसली. रायझनला दोनच चॅनेल आणि चार खाचा. त्या चारही भरल्या तर एएमडीच्या अधिकृत तक्त्यानुसार मेमरीचा वेग ५२०० वरून ३६०० वर उतरतो. म्हणून आम्ही ३२ जीबीच्या दोनच पट्ट्या लावल्या. कार्डांसाठी झिऑन पीसीआयई ३.० या जोडणीच्या ४० लेन (विदा ये-जा करण्याच्या वाटा) देतो, रायझन वापरण्याजोग्या २४ देतो, पण त्या पाचव्या पिढीच्या असतात. एकाच यंत्रात डिस्क कंट्रोलर, वेगवान नेटवर्क कार्ड आणि दोन ग्राफिक्स कार्डे बसवायची असतील, किंवा दहा-बारा आभासी यंत्रे (एकाच संगणकात सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) एकाच वेळी चालवायची असतील, तर आजही मी जुना झिऑन सुचवीन. आमच्या परिचयातले एक गृहस्थ नेटवर्किंगचे वर्ग घेतात. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या सरावाला झिऑनच उत्तम चालला, कारण तेथे प्रत्येकाला थोडीथोडी मेमरी आणि एखाददुसरा कोअर पुरत होता.

वीजबिलाचा हिशेब खरेदीच्या दिवशी कोणी मांडत नाही. भिंतीवरच्या सॉकेटला मीटर लावून पाहिले, तेव्हा काहीही काम नसताना झिऑनचे यंत्र ९२ वॉट घेत होते आणि रायझनचे ४४. झिऑनमध्ये ग्राफिक्सची सोय नसल्याने त्याला वेगळे कार्ड लावावे लागते, त्याचाही यात वाटा आहे. हा ४८ वॉटचा फरक अहोरात्र चालणाऱ्या यंत्रात वर्षाला सुमारे ४२० युनिट होतो. सर्व आकार धरून युनिटमागे ११ रुपये पडत असतील, तर वर्षाला साडेचार हजारांहून अधिक रुपये केवळ यंत्र निवांत बसल्याचे जातात. तीन वर्षांत जुन्या प्रोसेसरच्या स्वस्ताईतला मोठा भाग असा निघून जातो.

जुन्या झिऑनमध्ये प्रोसेसरपेक्षा बोर्डाची काळजी अधिक करावी. झिऑनच्या सॉकेटचे (प्रोसेसर बसवायच्या जागेचे) नामांकित बोर्ड आता नवे मिळत नाहीत, आणि स्वस्तात मिळणाऱ्या अनेक नव्या बोर्डांवर जुन्या बोर्डांवरून काढलेले चिपसेट बसवलेले असतात. आमचा बोर्ड स्लीपमध्ये गेला की पुन्हा जागा होत नसे, शेवटी स्लीप कायमचे बंद करावे लागले. पिना सॉकेटमध्ये असतात, म्हणून पैसे देण्यापूर्वी झाकण उघडून उजेडात एकही पिन वाकलेली नाही ना, हे पाहावे. प्रोसेसरच्या वरच्या धातूच्या पृष्ठावर ‘कॉन्फिडेन्शियल’ असे छापलेले असेल तर तो चाचणीसाठी बनलेला नमुना समजावा आणि घेऊ नये. विंडोज वापरणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण म्हणजे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आमच्याकडे लिनक्स असल्याने याचा त्रास झाला नाही.

नवा सर्व्हरचाच प्रोसेसर घ्यायचा विचार असेल, तर एक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. एएमडीने २०२४ च्या मे महिन्यात ईपीवायसी ४००४ ही मालिका आणली. तिचा सॉकेट रायझनचाच, मेमरीचे चॅनेल दोनच, आणि तिच्यातल्या ४४६४पी या प्रोसेसरचे १२ कोअर, ३.७ ते ५.४ गिगाहर्ट्झचा वेग आणि ६५ वॉटची मर्यादा हे सगळे आकडे रायझन ९ ७९०० शी तंतोतंत जुळतात. येथे जादा मिळते ती सर्व्हरच्या बोर्डांसह केलेली पडताळणी आणि त्या बोर्डांवर असलेली दूरस्थ नियंत्रणाची सोय, जिच्यामुळे यंत्र बंद पडले तरी घरून त्याची स्क्रीन पाहता येते. शाखा दुसऱ्या गावी असेल तर एवढ्यासाठीही ती मालिका घेण्याजोगी आहे. याउलट ईपीवायसी ९००४ मध्ये मेमरीचे १२ चॅनेल आणि १२८ लेन असतात. ते वेगळे जग आहे, आणि आमच्यासारख्या कार्यालयाला त्याची गरज नाही.

सहा महिन्यांनंतर मुख्य यंत्र म्हणून आम्ही ईसीसी मेमरीसह रायझन ठेवला. झिऑन विकला नाही. तो आता मागच्या खोलीत असतो, फक्त शनिवारी दुपारी सुरू होतो, आठवड्याच्या सगळ्या फाईलींची दुसरी प्रत घेतो, जुन्या प्रतींचे चेकसम ताडून पाहतो आणि संध्याकाळी बंद होतो.