खाजेचं मूळ शोधणारा दवाखाना

आमचा कुत्रा मोत्या शेपटीच्या मुळाशी चावून चावून केस उपटायचा. इथल्या डॉक्टरबाईंनी आल्या आल्या इंजेक्शन टोचलं नाही, हेच मला पहिलं आवडलं. बारीक फणी फिरवली, निघालेली काळी भुकटी ओल्या टिश्यूवर ठेवली, तर तांबूस डाग उतरले. पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त! अंगावर पिसू एकही दिसत नव्हती बरं का. मग कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली खरजेचे किडेही तपासले. "काका, ॲलर्जी पिसवांच्या लाळेची आहे, थोडे चावेही पुरतात. मांजरालाही औषध द्या, पण परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं नको, तिला ते विषारी." अन्नाची शंका उरलीच तर ८ आठवडे पथ्य, ते नंतर. फी जरा जास्त, बाकडं एकच. संध्याकाळी जाऊ नका.