क्वार्टरबॅक जोखणारी वार्षिक मार्गदर्शिका : पाच वर्षांच्या वापरानंतर

एप्रिल उजाडला की ह्यूस्टनमधल्या आमच्या घरी एक पीडीएफ विकत घेतली जाते. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, म्हणजे एनएफएलचा, ड्राफ्ट त्या महिन्याच्या अखेरीस असतो. सात फेऱ्यांमध्ये ३२ संघ महाविद्यालयीन खेळाडूंची निवड करतात आणि त्याआधी या खेळाडूंना जोखणाऱ्या मार्गदर्शिका बाजारात येतात. त्यांपैकी एक मी २०२१ ते २०२५ अशी सलग पाच वर्षे घेतली. तिचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत आणि त्या याच साच्याच्या इतर मार्गदर्शिकांनाही बऱ्याच अंशी लागू पडतात. हे परीक्षण तिच्या फक्त क्वार्टरबॅक विभागाचे आहे. आमच्याकडे सर्वांत आधी उघडली जातात ती हीच पाने; माझा मुलगा शाळेच्या संघात याच जागी खेळतो.

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो. समोरून धावून येणारे बचावपटू अंगावर आदळण्यापूर्वी त्याला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात आणि तेवढ्यात कोणाकडे फेकायचे, कधी फेकायचे, की फेकायचेच नाही, हे ठरवावे लागते. हा निर्णय बाहेरून मोजता येत नाही, म्हणूनच या जागेचा अंदाज सर्वाधिक चुकतो. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडी सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. त्याने पुढे सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. त्या वर्षी सर्वच संघांकडे खेळाडू पारखणारे पगारी स्काउट होते, चित्रफिती होत्या, मोजमापे होती. त्यामुळे वीस डॉलरच्या मार्गदर्शिकेने अचूक भाकीत करावे अशी माझी अपेक्षा कधीच नव्हती. खेळाडू नीट पाहायला तिने शिकवावे, एवढीच अपेक्षा होती, आणि त्या बाबतीत ही पाने पैसे वसूल करून देतात.

याचे कारण घरी सामना पाहणाऱ्याच्या लवकर लक्षात येत नाही. टीव्हीवर आपल्याला चेंडूभोवतीची चौकट दिसते. लांब धावत गेलेले रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, आणि त्यांना झाकणारे बचावपटू त्या चौकटीबाहेर असतात. पास अडवला गेला तर चूक क्वार्टरबॅकची की रिसीव्हरने दिशा चुकवली, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही. मार्गदर्शिकेचे लेखक उंचावरून टिपलेली, मैदानावरचे सर्व २२ खेळाडू दाखवणारी चित्रफीत पाहून लिहितात. त्यामुळे त्यांच्या चांगल्या नोंदीत आपल्याला न दिसलेला अर्धा सामना असतो.

२०२३ च्या आवृत्तीतले सी. जे. स्ट्राउडचे पान याचा उत्तम नमुना आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या या खेळाडूबद्दल तेव्हा सर्वत्र एकच आक्षेप घेतला जात होता : संरक्षक फळी शाबूत असेल तोवर तो सुरेख फेकतो, परंतु ती मोडली, पॉकेटमधली, म्हणजे तिने त्याच्याभोवती राखलेली, जागा आक्रसली, की स्वतःच्या पायांनी वाट काढत नाही. मार्गदर्शिकेने हा आक्षेप लपवला नाही आणि त्याच परिच्छेदात वाचकाला ३१ डिसेंबर २०२२ च्या पीच बोल या महाविद्यालयीन सामन्याकडे नेले. अटलांटामधल्या त्या उपांत्य सामन्यात समोर अपराजित, गतविजेता जॉर्जियाचा संघ होता. स्ट्राउडने ३४ पैकी २३ पास पूर्ण करून ३४८ यार्ड आणि चार टचडाउन (प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू पोहोचवून होणारे गुण) मिळवले, तरीही ओहायो स्टेट ४२-४१ असा एका गुणाने हरले, कारण मध्यरात्रीच्या ठोक्याला मारलेली त्यांची शेवटची किक गोलखांबांबाहेर गेली. निकाल सर्वांना ठाऊक होता. मार्गदर्शिकेने दाखवले ते निराळेच. दबाव डावीकडून आल्यावर तो उजवीकडे सरकताना नजर मैदानाच्या खोल भागावरून हलू देत नाही, चेंडू दोन्ही हातांत छातीशी धरून ठेवतो आणि खांदे फेकीच्या दिशेला वळल्यावरच सोडतो, हे त्या पानावर चालीमागून चाल मांडलेले होते. आम्ही मायलेकांनी ते पान शेजारी ठेवून तो सामना पुन्हा पाहिला, आणि निदान त्या रात्रीपुरता तरी तो आक्षेप टिकत नाही, हे आम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी कळले.

त्याच एप्रिलमध्ये स्ट्राउडला एका आकलनचाचणीत अतिशय कमी गुण मिळाल्याची बातमी फुटली होती आणि कित्येक दिवस चर्चा त्या आकड्याभोवतीच फिरत राहिली. मार्गदर्शिकेने तो आकडा छापला नाही. याचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण गोपनीय चाचणीचा बाहेर आलेला आकडा खरा की अर्धवट, हे तपासण्याचे साधन कोणत्याही वाचकाकडे नसते. ह्यूस्टन टेक्सन्सनी स्ट्राउडला दुसऱ्या क्रमांकावर घेतले आणि पहिल्याच हंगामात २३ टचडाउन पास व केवळ पाच इंटरसेप्शन (प्रतिपक्षाने झेललेले पास) अशी कामगिरी करून तो आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. आमच्या शहराला त्या हंगामाने किती आनंद दिला, हे येथे राहणाऱ्यालाच कळेल.

मला आवडलेली दुसरी गोष्ट साधी आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर, उंची-वजनाच्याही आधी, खेळाडू महाविद्यालयात किती सामन्यांत पहिल्या चालीपासून उतरला तो आकडा ठळक छापलेला असतो. २०१७ साली शिकागो बेअर्सनी मिच ट्रबिस्कीला दुसऱ्या क्रमांकावर घेतले तेव्हा त्याच्या नावावर असे १३ सामने होते. २०२१ मधल्या ट्रे लान्सच्या नावावर १७, तर २०२३ मधल्या अँथनी रिचर्डसनच्या नावावर पुन्हा १३. याउलट २०२४ चा जेडन डॅनियल्स ५५ सामन्यांचा अनुभव घेऊन आला आणि बो निक्स ६१ सामन्यांचा. कमी सामने खेळलेला खेळाडू वाईटच असतो, असे यावरून कोणी म्हणू नये. कॅम न्यूटन ऑबर्न विद्यापीठात एकच हंगाम मुख्य क्वार्टरबॅक होता आणि २०१५ मध्ये तो एनएफएलचा सर्वोत्कृष्ट खेळाडू झाला. मात्र सामने कमी असले की पाहणाऱ्याची चूक होण्याची शक्यता वाढते आणि आपण किती धूसर चित्र पाहतो आहोत याची जाणीव तो आकडा करून देतो. रिचर्डसन लीगमधल्या आमच्याच गटातल्या इंडियानापोलिसला गेला. २७ ऑक्टोबर २०२४ ला तो ह्यूस्टनमध्ये खेळला तेव्हा त्याचे ३२ पैकी १० पास पूर्ण झाले. त्याच्या हाताची ताकद आणि धावण्याचा वेग पाहून प्रेक्षक श्वास रोखत होते, आणि पुढच्याच चालीत साधा आखूड पास रिसीव्हरच्या पायाशी आपटत होता. त्याच्या पानावर या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या होत्या, पण त्याला मिळालेल्या एकूण गुणांत मात्र पहिलीच दिसत होती.

माझी पहिली तक्रार याच गुणांविषयी आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी खेळाडूला दशांश चिन्हापर्यंत गुण दिलेले असतात. वरचा मजकूर जितका सावध, तितकाच हा आकडा ठाम. १३ सामने खेळलेल्या आणि ५५ सामने खेळलेल्या खेळाडूंच्या गुणांत दशांशाचा फरक दाखवणे म्हणजे भाजीवाल्याच्या तराजूवर सोने तोलणे आहे. २०२१ च्या पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले : ट्रेव्हर लॉरेन्स, झॅक विल्सन, ट्रे लान्स, जस्टिन फील्ड्स आणि मॅक जोन्स. पाचांचेही गुण मार्गदर्शिकेने उंच आणि एकमेकांच्या जवळ ठेवले होते. लान्ससाठी सॅन फ्रान्सिस्कोने पहिल्या फेरीतल्या तीन निवडी मोजल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात त्याला डॅलसला देऊन टाकले. दरम्यान त्याच संघाने २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, म्हणजे २६२ व्या क्रमांकावर घेतलेला ब्रॉक पर्डी मुख्य क्वार्टरबॅक झाला आणि २०२३ च्या हंगामाअखेर संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. इतक्या मोठ्या चुका होणाऱ्या कामात गुणांऐवजी अंदाजाचा पल्ला द्यायला हवा, म्हणजे हा खेळाडू चांगल्यात चांगला कोठवर जाईल आणि वाईटात वाईट कोठे अडकेल ते सांगायला हवे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. मार्च महिन्याच्या सुमारास बहुतेक मोठ्या विद्यापीठांत प्रो-डे होतो. तेथे क्वार्टरबॅक ओळखीच्या रिसीव्हरांना, आधी ठरवलेल्या क्रमाने, अर्ध्या विजारीत फेकून दाखवतो आणि समोर एकही बचावपटू नसतो. हे पाहून मत बदलणे म्हणजे नेटमधली फलंदाजी बघून कसोटी संघ निवडणे होय. विल्सनने २०२१ च्या प्रो-डेला डावीकडे धावत, अंगाच्या आडव्या दिशेने, दूरवर फेकलेला चेंडू तेव्हा सर्वांनी पुन:पुन्हा पाहिला. न्यूयॉर्क जेट्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले आणि तीन हंगामांनंतर डेन्व्हरला देऊन टाकले. मार्गदर्शिकेची एक आवृत्ती प्रो-डेपूर्वी येते आणि दुसरी, सुधारित, नंतर. एका वर्षी मी दोन्ही फायली जपून ठेवल्या होत्या. एका क्वार्टरबॅकचा क्रमांक दोन पायऱ्यांनी वर गेला होता आणि मजकुरातला एकही शब्द बदललेला नव्हता. क्रमांक का बदलला, हे कोठेच सांगितले नव्हते. मी विचारणा करणारे पत्र पाठवले, त्याला आभाराचे ठरावीक उत्तर आले. पैसे देणाऱ्या वाचकाला बदलाचे कारण कळायलाच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडेवारीच्या पानांबद्दल मात्र तक्रार नाही. पास पूर्ण करण्याची नुसती टक्केवारी न देता लेखक ती फोडून दाखवतात : चाल सुरू होते त्या रेषेमागे दिलेले आखूड स्क्रीन पास वेगळे, वीस यार्डांपलीकडचे वेगळे, दबावाखालचे वेगळे. शिवाय वर्षांगणिक आलेख असतो आणि मला तो फार मोलाचा वाटतो. जो बरोने लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एलएसयू) २०१८ साली ५७.८ टक्के पास पूर्ण केले आणि २०१९ साली ७६.३ टक्के, शिवाय त्या दुसऱ्या वर्षी ६० टचडाउन पास दिले. डॅनियल्सने २०२१ मध्ये ॲरिझोना स्टेटकडून दहा टचडाउन आणि तितकीच इंटरसेप्शन दिली होती; २०२३ मध्ये एलएसयूकडून ४० आणि चार. खेळाडू कोठे उभा आहे यापेक्षा कोठून चालत आला आहे, हे अशा आलेखातून दिसते.

सर्वांत मोठी उणीव मात्र पाचही आवृत्त्यांत कायम आहे. खेळाडू ज्या संघात जाईल त्या संघाविषयी एक ओळही नसते. जॉश ॲलनने वायोमिंग विद्यापीठात जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण केले होते आणि अचूकता शिकवून येत नाही, असे २०१८ मध्ये जाणकार म्हणत होते. बफेलोमध्ये पहिल्या वर्षी ५२.८ टक्क्यांवर असलेला हा खेळाडू २०२० मध्ये ६९.२ टक्क्यांवर पोहोचला आणि २०२४ च्या हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्याच्यावर मेहनत घेणारे प्रशिक्षक होते, संघाने धीर धरला आणि २०२० मध्ये स्टेफॉन डिग्ससारखा रिसीव्हर त्याच्या दिमतीला दिला. पॅट्रिक महोम्सला कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये दहाव्या क्रमांकावर घेतले आणि पहिल्या हंगामात अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवून केवळ एक सामना खेळवला. ॲरन रॉजर्स ग्रीन बेमध्ये तीन वर्षे ब्रेट फार्व्हच्या मागे थांबला. हेच तिघे दुबळी संरक्षक फळी असलेल्या, दरवर्षी प्रशिक्षक बदलणाऱ्या संघात पहिल्या दिवसापासून उतरले असते तर काय झाले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही. ड्राफ्टपूर्वी संघ ठरलेला नसतो, हे खरे. तरीही क्वार्टरबॅकच्या शोधात असलेले चार-पाच संघ मार्चमध्ये सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्या संरक्षक फळीवर आणि प्रशिक्षकांच्या पद्धतीवर दहा पाने लिहिली, तर हा विभाग दुप्पट उपयोगी होईल. स्वतःच्या जुन्या अंदाजांचा हिशेबही त्यांनी द्यावा. आज तो मला जुन्या फायली उघडून स्वतः मांडावा लागतो.

खरेदीपूर्वी काही व्यावहारिक गोष्टी माहीत असाव्यात. फाइल मोठी आहे आणि फोनवर तक्ते वाचता येत नाहीत, त्यामुळे संगणकच लागतो. वार्षिक वर्गणी आपोआप पुढे चालू राहते, म्हणून घेतल्या दिवशीच ती बंद करून ठेवावी. भारतातून जे हा खेळ पाहतात आणि ज्यांना सामने भल्या पहाटे पाहावे लागतात, त्यांनी संपूर्ण मार्गदर्शिका घेण्याची घाई करू नये. एकट्या क्वार्टरबॅक विभागासाठी वीस डॉलर देणे तेव्हाच परवडते, जेव्हा सामना पुन्हा पाहायला वेळ असतो. पान आणि सामना शेजारी ठेवल्याशिवाय त्या नोंदींचा अर्थ उलगडत नाही.

पुढची आवृत्तीही मी घेणार आहे, प्रो-डेपूर्वीची. क्वार्टरबॅकची पाने छापून घेताना तळाच्या गुणांवर मुलगा कागदाची पट्टी चिकटवतो, सामना पाहून स्वतःचे मत समासात पेन्सिलीने लिहितो आणि मगच पट्टी काढतो.