आवडेल तेथे प्रवास पास, मालवण आणि एकटं फिरणं : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

सांगली-मिरजेकडं राहणाऱ्या आणि समुद्राची ओढ असणाऱ्या माणसानं एसटीचा हा पास एकदा तरी काढून बघावा असं माझं ठाम मत झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. दिवाळीनंतर पहिल्यांदा काढला, मग थंडीत, शिमग्याच्या आसपास, मे महिन्यात, असा जमेल तसा काढत राहिलो, दरवेळी एकटाच गेलो आणि दरवेळी मुक्काम मालवणलाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एकदा पैसे भरून पास काढला की तेवढे दिवस एसटीनं कुठंही, कितीही फिरा, अशी ही योजना 1988 पासून आहे. सध्या 4 दिवसांचा आणि 7 दिवसांचा असे दोन पास मिळतात, साध्या गाडीचा वेगळा आणि शिवशाहीचा वेगळा. शिवशाहीचा महाग, पण तो साध्या गाडीलाही चालतो. मी साधाच घेतो कारण कोकणात आतल्या गावांना जाणारी गाडी लालपरीच असते. दर मधूनमधून बदलतात, ते स्टँडवर विचारून घ्या. पास 10 दिवस आधी काढून ठेवता येतो. आणि दिवस मोजतात रात्री बारा ते बारा, तुम्ही गाडीत बसल्यापासून चोवीस तास असं नाही, त्यामुळं पहाटेची पहिली कोल्हापूर गाडी धरायची, दुपारी निघालात तर अर्धा दिवस फुकट गेला.

आता मुद्द्याचं. पैसे वाचतात का, तर सांगली-मालवण जाऊन-येऊन करून खोलीत पडून राहणार असाल तर नाही वाचणार, उगाच काढू नका. याची खरी मजा अशी की मन बदलायला पैसे लागत नाहीत. गाडी दिसली, पाटी वाचली, बसलो. आवडलं नाही, पुढच्या फाट्यावर उतरलो. तिकीट काढून फिरताना डोक्यात कायम चालू असतं की इतके गेले, आता तिकडं पण जायचं म्हणजे अजून इतके, आणि मग माणूस ठरलेलंच करत बसतो. पास खिशात असला की तो हिशोबच बंद होतो. त्यात एकटं असलं की कुणाला विचारायचं नाही, कुणाची भूक नाही, कुणाची झोप नाही. हे दोन्ही एकत्र आलं की फिरण्याची चवच बदलते, हे मला इतक्या महिन्यांत पक्कं कळलंय.

आणि मालवण यासाठी लई भारी गाव आहे. कारण तिथला दिवस घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर, वाऱ्यावर आणि मासळी किती आली त्यावर चालतो. तुम्ही घरून वेळापत्रक करून गेलात तर निम्मं गाव तुमच्या हाती लागतच नाही. संध्याकाळी जेट्टीवर जा, होड्या लागल्या की टोपल्या उतरतात, लिलाव सुरू होतो, बोली इतकी भराभर चढते की पहिल्या दिवशी कोण बोलतंय, कुणी घेतलं काही कळत नाही. तासभर उभं राहिलं की हळूहळू उलगडतं. मित्रांबरोबर गेलो असतो तर दहा मिनिटांत कुणीतरी म्हणालं असतं चल जेवायला.

सगळ्यात जीव लागला तो रापणीवर. थंडीत एकदा सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचं म्हणून निघालो होतो, वाटेत चिवला बीचवर माणसं दोरी ओढताना दिसली आणि तिथंच थांबलो. रापण म्हणजे होडीनं जाळं समुद्रात अर्धगोल टाकत नेतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून दोन टोळ्या ओढतात. ओढणारे उलटं चालत मागं मागं सरकतात, शेवटचा माणूस दोरी सोडतो आणि पळत पुढं पाण्याकडं जाऊन पुन्हा धरतो, असं फिरतं चाललेलं असतं. जाळं जवळ येईल तशा दोन्ही टोळ्या एकमेकांकडं सरकतात. मी बाजूला उभा होतो, एका म्हाताऱ्या काकांनी हाक मारली, "नुसतो बघतस काय, हात लाव मरे!" लावला. दोरी जाड, ओली, वाळू चिकटलेली, थोड्या वेळात तळहात असे झाले की बोटं मिटवेनात. दीडेक तासानं जाळ्याचा खोला, म्हणजे पिशवीसारखा भाग, वर आला तेव्हा आत पेडवे, थोडे बांगडे, बरीच बारीक मासळी, सगळं चंदेरी तडफडतंय आणि वर घारी फिरतायत. मासळीचे वाटे पडले, आणि त्या काकांनी माझ्या हातावर पण मूठभर पेडवे ठेवले, सांगलीचा पोरगा, ओळख ना पाळख. बोलता बोलता ते सांगत होते की पर्ससीनवाल्यांमुळं, म्हणजे मोठ्या गोल जाळ्यानं अख्खा थवा घेरणाऱ्या ट्रॉलरवाल्यांमुळं, आणि एलईडी लावून रात्री मासे ओढणाऱ्यांमुळं किनाऱ्यापर्यंत मासळी येईनाशी झालीय. एलईडीला तर 2017 पासून केंद्राची बंदी आहे, तरी तक्रारी चालूच आहेत. रापण टिकली पाहिजे राव, मनापासून वाटतं.

ते पेडवे मी राहत होतो त्या घरच्या काकूंनी तळून दिले, सोबत तांदळाची भाकरी आणि सोलकढी. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, काकू म्हणाल्या, "आज जाव नको, रव." राहिलो. पासाचा एक दिवस शिल्लक होता, दुसरं काय पाहिजे.

किल्ला बघाच, ते वेगळं सांगायला नको. 1664 ला बांधकाम सुरू झालं, तीन वर्षांत पुरं केलं, आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, चहूबाजूंनी खारं पाणी असताना! फक्त होडीवाले ठराविक वेळच देतात, मग परत चला म्हणतात, त्यामुळं सकाळी गर्दी नसताना जावा.

आंगणेवाडीची जत्रा पण या पासावरच घडली. भराडीदेवीच्या या जत्रेची तारीख कॅलेंडरमध्ये ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन ती ठरते आणि मग जाहीर होते. जाहीर झाली की मुंबईकर चाकरमानी रेल्वेच्या तिकिटांवर तुटून पडतात. आपण पश्चिम महाराष्ट्रातली माणसं, आपल्याला रेल्वेची गरज काय, घाट उतरला की कोकण. मालवण स्टँडवरून जत्रेच्या जादा गाड्या सुटत होत्या, गर्दी इतकी की उभं राहायला पण जागा नाही, पण रात्रीची ती रोषणाई आणि दर्शनाची रांग बघून थकवा गेला.

आता पासाच्या मर्यादा पण सांगतो. पास म्हणजे सीट नाही, सीट पाहिजे तर आरक्षणाचे पैसे वेगळे. पास हरवला तर दुसरा मिळत नाही, मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून वरच्या खिशात ठेवतो, ओळखपत्र सोबत. आतल्या गावांच्या गाड्या मोजक्या असतात, म्हणून कुठंही उतरल्याबरोबर पहिला प्रश्न एकच विचारायचा, शेवटची गाडी किती वाजता? एवढं एक माहीत असलं की बाकी दिवस मोकळा सोडा, बिनघोर. पावसाळ्यात मात्र सांभाळून, करूळ, भुईबावडा, फोंडा यातला कुठला घाट चालू आहे ते कोल्हापूर स्टँडवर विचारूनच पुढं जावा, दरड पडली की रस्ता बंद होतो. मेअखेर ते ऑगस्टअखेर किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ पण बंद असतात, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी.

एकट्या माणसाला खोली द्यायला सुट्टीच्या दिवशी काहीजण कुरकुर करतात, मला एका लॉजवर तोंडावर नाही म्हणाले. शनिवार-रविवार टाळा, सोमवारी तेच गाव वेगळं वागतं. बायकांना मार्च 2023 पासून साध्या तिकिटातच निम्मी सवलत आहे, त्यामुळं त्यांनी आधी तिकिटांची बेरीज करून बघावी, त्यांना पासाशिवाय पण हीच मोकळीक स्वस्तात मिळू शकते. माझी बहीण तसंच करते, ती आचरा, कुणकेश्वर, देवगड अशी किनाऱ्यानं वर सरकत जाते.

जाताना भडंग जरा जास्तच न्या, मालवणात ज्याला दिलं त्यानं परत मागितलं. आता नारळी पौर्णिमेला काढणार आहे, बंदरावर नारळ अर्पण करतात आणि बाजारात नारळ लढवायची चुरस लागते म्हणे, तिथून पुढं विजयदुर्ग का वेंगुर्ला ते स्टँडवर जी गाडी आधी लागेल ती.